एअर पिस्तुलाचा ग्रुप पसरतो तेव्हा: नळी खरवडण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या

लक्षणे

गेल्या महिन्यापर्यंत दहा मीटरवर नऊ आणि दहाच्या कड्यांत बसणारे छर्रे आता सात-आठपर्यंत पसरू लागतात. नेम स्थिर होता, ट्रिगर स्वच्छ सुटला, अशी नेमबाजाची खात्री असतानाही मधूनच एखादा छर्रा सहाच्या कड्यात जाऊन बसतो. काही वेळा ग्रुप, म्हणजे सलग मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, चहूकडे पसरत नाही, तर मेणबत्ती ओघळावी तसा उभा लांबतो. काही वेळा तो पूर्वीइतकाच घट्ट असतो, मात्र सगळाच्या सगळा सरकून कार्डाच्या एका कडेला गेलेला असतो. दहा मिनिटे विश्रांती घेतल्यानंतरचा पहिला शॉट वर जातो आणि पुढचे पुन्हा जागेवर येतात, ही आणखी एक नेहमीची तक्रार आहे. शॉटचा आवाज बदलणे, मागच्या बाजूने गालावर किंवा हातावर हवेची झुळूक जाणवणे आणि कार्डावरचे भोक गोल न राहता एका बाजूने फाटलेले दिसणे, ही लक्षणे कमी लोक सांगतात, परंतु निदानासाठी तीच अधिक उपयोगी असतात.

या सर्व तक्रारींवर आमच्या भागात एकच निदान ठरलेले आहे: "सर, नळीत शिसे बसले आहे." रावेरकडचे एक केळी-बागायतदार मुलाचे पिस्तूल पिशवीतून काढून टेबलावर ठेवताना म्हणाले होते, "भाऊ, बंदूक बिघडनी का?" मी उत्तर देण्यापूर्वीच मुलाने शिशाचे कारण सांगून टाकले. खानदेशातील एका तालुक्याच्या गावी, जिनिंगच्या जुन्या गोदामात उभारलेल्या छोट्या रेंजवर मी अनेक वर्षे मुलांची एअर पिस्तुले आणि एअर रायफली सांभाळतो आहे. एवढ्या काळात शिशाने बिघडलेल्या नळ्या मी फार थोड्या पाहिल्या. शिसे काढण्याच्या नादात बिघडवलेल्या नळ्या मात्र त्याहून अधिक पाहिल्या, आणि त्यांतील पहिली मी स्वतः बिघडवलेली होती.

शिशाची ही भीती काडतुसाच्या पिस्तुलांकडून उसनी आलेली असावी. तेथे प्रश्न खरोखरच मोठा असतो, कारण ओतीव शिशाची गोळी नळीत नीट घट्ट बसली नाही तर जळत्या दारूचा तप्त वायू तिच्या कडेने निसटतो आणि तिच्या अंगावरचे शिसे नळीच्या खाचांत थापून ठेवतो. ज्या देशांत घरी काडतुसे भरण्याची मुभा आहे तेथील लोक म्हणूनच अशा गोळ्यांना पॉलिमरचा किंवा भाजलेल्या पावडरचा लेप देतात आणि गोळीचा व्यास नळीपेक्षा किंचित मोठा ठेवतात. आपल्याकडे दारूगोळा तयार करण्यासाठी शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवाना लागतो. त्यामुळे तो विषय मी येथे बाजूला ठेवतो. एअर पिस्तुलात ज्वलन नाही, तप्त वायू नाही, आणि ४.५ मिलिमीटरचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने जातो. शिसे येथेही बसते, पण सावकाश बसते.

आधी थोडा हिशोब

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या कार्डावर दहाच्या कड्याचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि छर्ऱ्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा गुण मिळतात. चांगल्या स्पर्धा-पिस्तुलासोबत कारखान्यातून जे चाचणी-कार्ड येते, त्यावर पाचही छर्ऱ्यांचे मिळून बहुधा एकच भोक दिसते. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तर पिस्तुलाचा स्वतःचा ग्रुप दुप्पट झाला तरी तो दहाच्या कड्यातच मावतो, हे लक्षात येईल. साठ शॉटमध्ये ५३० च्या आसपास गुण मिळवणाऱ्या मुलाचे गुण पुढील महिन्यात ५१५ झाले, तर केवळ तेवढ्यावरून यंत्राला दोष देणे योग्य नाही. एअर रायफलचा हिशोब निराळा आहे. तेथे दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असल्यामुळे यंत्रातील लहानसा दोषही लगेच गुणांत दिसतो.

पहिली तपासणी: माणूस की यंत्र

या तपासणीला पैसे लागत नाहीत, तरीही हीच सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी, टेबलावर वाळूची किंवा तांदळाची छोटी पिशवी ठेवावी, दोन्ही मनगटे तिच्यावर टेकवावीत आणि त्याच छर्ऱ्यांनी पाच-पाच शॉटची तीन कार्डे मारावीत. पिस्तुलाची नळी किंवा तिच्याखालचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर पिशवीवर टेकवू नये, कारण टेकलेल्या भागाच्या दाबाने ग्रुपची जागा बदलते. त्यानंतर दुसऱ्या अनुभवी नेमबाजाकडून तसेच तीन कार्ड मारून घ्यावेत. दोघांचेही ग्रुप घट्ट आले तर पिस्तूल निर्दोष आहे. मग प्रशिक्षकाशी बोलावे आणि हा लेख येथेच सोडून द्यावा. दोघांचेही पसरले तर पुढे वाचावे. एकाचे घट्ट आणि दुसऱ्याचे पसरलेले आले, तर उत्तर काय ते सांगण्याची गरज नाही, परंतु घरच्या लोकांसमोर ते सौम्यपणे सांगावे.

या सहाही कार्डांवर तारीख, छर्ऱ्याच्या डब्यावरचा बॅच क्रमांक आणि सिलिंडरचा दाब लिहून ती जपून ठेवावीत. पुढील प्रत्येक तपासणीनंतर तुलना याच कार्डांशी करायची आहे.

दुसरी तपासणी: छर्रे

छर्ऱ्याचा मागचा भाग घागऱ्यासारखा पोकळ आणि पातळ असतो. शॉटच्या वेळी हवेच्या दाबाने तो फुगून नळीच्या खाचांना चिकटतो आणि छर्ऱ्याला फिरकी मिळते. हा घागरा एका जागी चेपलेला असेल तर त्या जागेतून हवा निसटते, छर्रा नळीतून बाहेर पडतानाच कलतो आणि कार्डावरचे भोक लांबट होते. सपाट तोंडाचा छर्रा कागदाला पंच मारल्यासारखे स्वच्छ, गोल भोक पाडतो आणि त्याच्या कडेला शिशाचे बारीक करडे वर्तुळ उमटते. हे वर्तुळ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पुसट दिसले, तर नळीकडे वळण्यापूर्वी छर्ऱ्यांचा डबा उघडावा.

तपासण्याची रीत सोपी आहे. काचेचा तुकडा किंचित उतरता ठेवून त्यावरून एकेक छर्रा सोडावा. घागरा तोंडापेक्षा किंचित मोठा असल्यामुळे चांगला छर्रा सरळ न जाता एकसारख्या वळणाने घरंगळतो. चेपलेला छर्रा डुलत, अडखळत जातो. वीस छर्ऱ्यांत दोन जरी अडखळले तरी मधूनच भरकटणाऱ्या शॉटचे कारण सापडले असे समजावे. खिशात सुटे छर्रे ठेवणारी, डबा पाडून पुन्हा भरून घेणारी आणि दोन अर्धे डबे एकत्र ओतणारी मुले प्रत्येक रेंजवर असतात. डबे एकत्र करण्यातील दोष चटकन लक्षात येत नाही. ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर तोंडाचे छर्रे डोळ्यांना सारखेच दिसतात, परंतु एखाद्या नळीला त्यांतील एकच मानवतो.

आमच्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यातील छर्ऱ्यांवर पांढुरकी भुकटी धरते. असे छर्रे वापरू नयेत आणि ती भुकटी फुंकूनही उडवू नये, कारण तीही शिशाचीच असते. कापसाच्या हंगामात जिनिंगमधून उडणारे तंतू उघड्या डब्यात जाऊन बसतात. छर्ऱ्याच्या पोकळीत अडकलेला एवढासा तंतू काय करू शकतो, यावर माझा पूर्वी विश्वास नव्हता. पुढे एका डिसेंबरमध्ये एकाच डब्यातील तंतू असलेले आणि नसलेले छर्रे वेगळे करून मारून पाहिले, आणि तेव्हापासून आमच्या रेंजवर डब्यांची झाकणे लागलेलीच असतात.

शंका फेडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दुसऱ्या बॅचचा न उघडलेला डबा उघडून दहा शॉट मारणे. छर्रे हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत, छर्रा तोंडात धरू नये आणि रेंजवर खाऊ नये. हे नियम लहान मुलांच्या बाबतीत अधिक कडकपणे पाळावेत.

तिसरी तपासणी: स्क्रू

संपूर्ण ग्रुप घट्ट राहून एका बाजूला सरकला असेल तर पहिला संशय रिअर साइटवर, म्हणजे नेम धरण्याच्या मागच्या खाचेवर, घ्यावा. साइट बोटांच्या चिमटीत धरून हलकेच हलवून पाहावी. डोळ्यांना न दिसणारी हालचाल नखाला जाणवते. त्यानंतर नळी धरून ठेवणारे स्क्रू, फ्रंट साइटचा स्क्रू आणि ग्रिपचा स्क्रू योग्य मापाच्या अ‍ॅलन कीने केवळ लागलेले आहेत की नाही एवढेच पाहावे. जोर लावून पिळू नयेत, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या भागातील आटे एकदा गेले की दुरुस्ती स्वस्तातली राहत नाही. घट्ट केलेल्या स्क्रूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ स्क्रू आणि शेजारचा भाग मिळून ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे पुढच्या वेळी न विचारता कळते.

लाकडी ग्रिप हा आमच्या हवामानातील खास विषय आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप आकसते. पावसाळ्यात घट्ट केलेला ग्रिपचा स्क्रू उन्हाळ्यात सैल पडतो, पिस्तूल ग्रिपमध्ये केसभर हलते आणि नेमबाज मात्र मनगट कमजोर झाले असे समजून डंबेल्स उचलू लागतो.

चौथी तपासणी: दाब

उभ्या पसरलेल्या ग्रुपचे कारण बहुधा वेगातील फरक हेच असते. १५० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो. वेग एक दशांशाने घटून १३५ वर आला तर तो सुमारे २७ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे पाच मिलिमीटरचा फरक नेमबाजाच्या काहीही चुकीशिवाय पडतो. पिस्तुलातील रेग्युलेटर सिलिंडरचा दाब कमी करून प्रत्येक शॉटला सारखीच हवा देतो, परंतु सिलिंडरमधील दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेल्यावर त्याच्या हाती काही राहत नाही आणि प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा मंद होत जातो. म्हणून सिलिंडर पूर्ण भरून पुन्हा पाच शॉट मारावेत. ग्रुप जुळला तर दोष पिस्तुलाचा नसून सिलिंडरमध्ये 'अजून थोडी हवा आहे' असे मानण्याच्या सवयीचा आहे.

हवा गळते, ही तक्रारही पुष्कळदा खोटी ठरते. सिलिंडर घाईने भरला की तो गरम होतो आणि थंड झाल्यावर काटा आपोआप खाली येतो. जानेवारीत दुपारी ३० अंशांवर २०० बार दाखवणारा काटा पहाटे १० अंशांवर १८७ च्या जवळ दिसणारच. ती गळती नसते. खरी गळती ओळखायची असेल तर दोन दिवस एकाच वेळेला, एकाच खोलीत आकडा लिहावा. उन्हाळ्यातील हिशोब उलटा आणि अधिक धोक्याचा असतो. २५ अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर बंद मोटारीत ६० अंशांपर्यंत तापला तर दाब २२० च्या पुढे जातो. भरलेला सिलिंडर मोटारीत ठेवू नये, ही सूचना आमच्या रेंजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलेली आहे, आणि तरीही प्रत्येक मे महिन्यात मला ती दोन-तीन पालकांना वाचून दाखवावी लागते.

सिलिंडरवर कोरलेली वैधतेची तारीख याच वेळी पाहून घ्यावी. स्पर्धेत सिलिंडर मुदतीत असल्याची जबाबदारी नेमबाजाची असते आणि मुदत संपलेल्या सिलिंडरला स्पर्धेबाहेरही भरू नये. हातपंपाने किंवा कॉम्प्रेसरने भरणाऱ्यांनी आर्द्रता शोषणारा फिल्टर वेळेवर बदलावा. श्रावणातील दमट हवा दाबून भरली की तिच्यातील पाणी सिलिंडरमध्ये साचते आणि रेग्युलेटरपर्यंत पोहोचते. भरण्याच्या जोडणीला शिवणयंत्राचे, सायकलचे किंवा कोणतेही खनिज तेल कधीही लावू नये, कारण उच्च दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकते. तेथे उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीसच चालते, आणि तेही नावापुरते.

पाचवी तपासणी: नळीच्या मागील टोकाची ओ-रिंग

छर्रा ठेवून झडप बंद केली की नळीचे मागचे टोक एका लहानशा रबरी रिंगने बंद होते. ही रिंग दबून चपटी झाली किंवा तिला चीर गेली की प्रत्येक शॉटला थोडी हवा मागे निसटते, आणि ती प्रत्येक वेळी सारखीच निसटेल याची हमी नसते. टिश्यू पेपरची बोटभर लांब पट्टी बंद झडपेच्या सांध्यावर सैल ठेवावी आणि नेहमीप्रमाणे छर्रा भरून, लक्ष्याकडे रोखून एक शॉट मारावा. पट्टी फडफडली किंवा उडाली तर रिंग बदलावी. या चाचणीत चेहरा सांध्याजवळ नेऊ नये. दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून पट्टीकडे पाहावे.

रिंग लाकडी टूथपिकने काढता येते. सुई किंवा टाचणी वापरल्यास खाचेला ओरखडा पडतो आणि नवी रिंगही गळू लागते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, दिसायला तशीच रिंग बसवू नये. जाडीत दशांश मिलिमीटरचा फरक असला तरी झडप एकतर घट्ट लागते किंवा गळत राहते.

सहावी तपासणी: नळीचे तोंड आणि कॉम्पेन्सेटर

छर्रा नळीचा निरोप घेतो तो क्षण सर्वांत नाजूक असतो. तोंडाच्या कडेला एका जागी ओरखडा असेल तर मागची हवा त्या बाजूने आधी सुटते आणि छर्ऱ्याला धक्का देते. जळगावच्या सराफांकडे हिरे पाहण्याचे दहापट भिंग असते. माझ्याजवळचे भिंग अशाच एका सराफ मित्राचे आहे आणि ते परत करण्याचे मी अनेक वर्षे टाळत आलो आहे. पिस्तूल रिकामे करून, सिलिंडर काढून, झडप उघडी ठेवून त्या भिंगातून तोंडाची कड पाहावी. त्यानंतर कान साफ करण्याची कापसाची काडी कडेवरून हलकेच गोल फिरवावी. कापूस जेथे अडकेल तेथे कड दुखावलेली आहे.

नळीपुढे कॉम्पेन्सेटर, म्हणजे शॉटची हवा बाजूला सोडणारा भोकांचा भाग, असेल तर त्याच्या भोकांतून बॅटरीचा उजेड टाकून आत पाहावे. शिशाची करडी भुकटी चोहोबाजूंनी सारखी बसली असेल तर ती पुसून काढली की काम झाले. परंतु एकाच बाजूला चकाकणारा शिशाचा ओघळ दिसला तर छर्रा जाताना तेथे घासतो आहे, म्हणजे कॉम्पेन्सेटर वाकडा बसला आहे किंवा सैल झाला आहे. खाली पडलेल्या पिस्तुलांत हा दोष मी हमखास पाहतो, आणि 'पडले नव्हते' असे सांगितले जात असेल तर अधिकच. कॉम्पेन्सेटर सहज निघणारा असेल तर तो काढून पाच शॉट मारून पाहावेत. मात्र बऱ्याच पिस्तुलांत फ्रंट साइट त्याच्यावरच बसवलेली असते, तेथे हा प्रयोग करू नये.

सातवी तपासणी: आता नळी

एवढे सर्व करूनही ग्रुप पसरतच असेल, आणि तो एका दिवसात नव्हे तर हजारो शॉटमध्ये हळूहळू पसरत गेला असेल, तर शिशाचा संशय रास्त आहे. सिलिंडरवर चालणाऱ्या पिस्तुलात फेल्टच्या कोरड्या गोळ्या वापराव्यात. दोन किंवा तीन गोळ्या एकामागोमाग भराव्यात, लक्ष्याकडे रोखून शॉट मारावा आणि फेल्ट पाहावे. करडा रंग नेहमीचाच आहे. शिशाचे चमकदार कण किंवा बारीक पापुद्रे दिसले तर फेल्ट स्वच्छ येईपर्यंत हेच करावे. स्प्रिंगच्या एअर रायफलीत मात्र एकटे फेल्ट मारू नये. ते इतके हलके असते की पिस्टनसमोर हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन पुढे जाऊन आदळतो आणि स्प्रिंग व सील यांचे नुकसान होते. अशा रायफलीसाठी ओढदोराच बरा.

ओढदोरा म्हणजे जाड नायलॉनच्या दोऱ्याचा फासा आणि त्यात अडकवलेली, जुन्या धुतलेल्या धोतराची मऊ चिंधी. दोरा मागच्या टोकातून घालावा आणि तोंडातून सरळ रेषेत बाहेर ओढावा. तिरका ओढला तर दोरा दर वेळी तोंडाच्या एकाच जागी घासतो. चिंधी हाताने न रेटता सहज सरकेल एवढीच जाड असावी. लोखंडी किंवा पितळी ब्रश, पॉलिश पेपर, घासण्याची पेस्ट, रॉकेल आणि काडतुसाच्या बंदुकीसाठी विकले जाणारे तीव्र द्रव यांपैकी काहीही वापरू नये. एअर पिस्तुलाच्या नळीतील खाचा उथळ असतात, पोलाद तुलनेने मऊ असते आणि द्रव मागे झिरपून सील फुगवतो.

माझी नळी कशी गेली तेही येथे सांगून टाकतो. मी सायकलचा स्पोक सरळ केला, त्याला चिंधी गुंडाळली आणि पुढच्या तोंडातून आत रेटली. अर्ध्यावर चिंधी सुटली आणि उघडा स्पोक पुढे गेला. परत ओढताना तोंडाच्या कडेला जो बारीक 'टक्' आवाज झाला, तो मला आजही ऐकू येतो. चिंधीवर शिशाचा एक ठिपकासुद्धा नव्हता. त्या दिवसापूर्वी ते पिस्तूल आठच्या कड्यात छर्रे टाकत होते. त्या दिवसानंतर ते सहाच्या कड्यात टाकू लागले आणि नवी नळी येईपर्यंत चार महिने गेले. मूळ दोष, नंतर कळले त्याप्रमाणे, रिअर साइटच्या स्क्रूत होता.

साफ केलेल्या नळीचे पहिले पंधरा-वीस शॉट इकडेतिकडे जातात. आतल्या पृष्ठभागावर शिशाचा पातळ, एकसारखा थर पुन्हा बसेपर्यंत असे होते, म्हणून त्या शॉटवरून निर्णय करू नये आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळी साफ करू नये. पाचशे छर्ऱ्यांचा एक डबा संपला की दोन-तीन फेल्ट, एवढा परिपाठ मी ठेवला आहे.

कोठे थांबावे

रेग्युलेटर उघडू नये. विश्रांतीनंतरचा पहिला शॉट वर जात असेल, दुसऱ्यापासून ग्रुप जुळत असेल आणि असे रोजच होत असेल, तर रेग्युलेटरमधून दाब हळूहळू पुढे पाझरतो आहे असे समजावे. त्याचे निदान येथवर आपण करू शकतो, दुरुस्ती नाही. सिलिंडरची झडप, दाबमापक आणि सिलिंडरची जोडणी यांचीही खोलाखोल करू नये. २०० बार म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या जवळजवळ शंभरपट दाब आहे आणि उडालेला लहानसा भागही डोळा घेऊ शकतो. सिलिंडरवर खोल ओरखडा, चेप किंवा गंज दिसला तर तो भरू नये. इतर कोणताही दोष नसला तरी.

ट्रिगरच्या आतील पात्यांचे कोन घासू नयेत आणि ट्रिगर 'मऊ' करून देणाऱ्या हौशी माणसाकडे पिस्तूल देऊ नये. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन पेलावे लागते. त्याहून हलका केलेला ट्रिगर स्पर्धेत नाकारला जातो आणि पिस्तूल आपणहून सुटण्याचा धोका निर्माण होतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरी बदलून पाहावी आणि तेवढ्यावरच थांबावे. २०२१ साली टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या ऐन मध्यात बिघाड झाला, दुरुस्तीत बरीच मिनिटे गेली आणि ती ५७५ गुणांसह बाराव्या स्थानावर राहिली. ऑलिंपिकच्या रेंजवर, तज्ज्ञ सोबत असताना जी दुरुस्ती इतका वेळ खाते, ती घरी ओट्यावर स्क्रूड्रायव्हरने होईल असे मानू नये.

नळीच्या तोंडाला ओरखडा असेल, नळी वाकल्याचा संशय असेल किंवा रिंग बदलूनही मागे हवा येत असेल, तर पिस्तूल उत्पादकाच्या अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे पाठवावे. आमच्या भागातून ते पुण्याला किंवा मुंबईला जाते आणि महिना-दीड महिना परत येत नाही, म्हणून स्पर्धेचे वेळापत्रक आधी पाहावे. पाठवण्यापूर्वी सिलिंडर पिस्तुलापासून वेगळा करावा आणि तो दुरुस्तीसाठी मागितला नसेल तर घरीच ठेवावा. मागितला असेल तर पूर्ण रिकामा करून पाठवावा. सोबत 'नीट लागत नाही' एवढीच चिठ्ठी ठेवू नये. कोणत्या तपासण्या केल्या, कोणत्या छर्ऱ्यांनी, किती दाबावर, हे लिहावे आणि टेकवून मारलेली ती सहा कार्डे, तारखांसह, त्याच खोक्यात ठेवावीत.